सूट कोणत्या किमतीवर? नाताळच्या ऑनलाइन खरेदीविषयी

नाताळ दहा-बारा दिवसांवर आला आहे. संयोजकांनी हा विषय मला फोनवर जरा संकोचतच सांगितला. म्हणाले, ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, आणि आम्ही तुम्हाला खरेदीवर बोलायला सांगतोय.’ मी म्हटलं, यात संकोच कसला? खरं ज्ञान कोणतं आणि भ्रम कोणता, हे कसं ओळखायचं, एवढं एकच तर आयुष्यभर वर्गात शिकवलं. दोरी दिसते आणि साप वाटतो, हे उदाहरण देऊन देऊन आम्ही निवृत्त झालो. आता ‘७० टक्के सूट’ दिसते आणि बचत वाटते. उदाहरण बदललं, विषय तोच आहे. (हशा)

आणखी एक योगायोग सांगतो. नाताळच्या आदल्या दिवशी, म्हणजे २४ डिसेंबरला, आपल्याकडे राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती याच तारखेला. शरणपूरला आणि नाशिकरोडला त्या रात्री घराघरांत तारे लागलेले असतात, करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे भरलेले असतात, आणि ज्याची भेटवस्तू अजून आलेली नाही तो मोबाईलवर ‘ऑर्डर कुठपर्यंत पोचली’ हे बघत बसलेला असतो. ग्राहक दिन साजरा करायची ही आपली पद्धत.

मी बोलणार आहे ते मध्यम मिळकतीच्या घराविषयी. समजा, घरात नाताळच्या भेटींसाठी पाच हजार रुपये बाजूला काढलेत. मुलं आहेत, सून आहे, भाचरं आहेत, शेजारच्या आजी आहेत. पाच हजारांत हे सगळं बसवायचं आहे. महिनाअखेरी ते साडेसात होतात, वरचे अडीच क्रेडिट कार्डावर जातात आणि जानेवारीत मुलाच्या सहलीच्या पैशाला ‘पुढच्या वर्षी बघू’ असं उत्तर मिळतं. हे कसं होतं? घरातलं कुणी उधळं नसतं. उलट प्रत्येक वस्तू ‘वाचवून’ घेतलेली असते. वाचवता वाचवता अडीच हजार जास्त गेले, हे कोडं मला महत्त्वाचं वाटतं.

तर छापील किमतीपासून सुरुवात करू. आपल्याकडे पाकीटबंद मालावर कमाल किरकोळ किंमत, ज्याला आपण एमआरपी म्हणतो, ती सर्व करांसहित छापायची सक्ती १९९०पासून आहे. उद्देश चांगला होता. ‘स्थानिक कर वेगळे’ असं म्हणून दुकानदार जास्त पैसे घ्यायचे, ते थांबावं. पण नावातच ‘कमाल’ आहे, म्हणजे यापेक्षा जास्त घेता येणार नाही, इतकाच तिचा अर्थ. औषधांसारख्या काही गोष्टी सोडल्या, तर हा आकडा किती असावा हे कुणीही ठरवून देत नाही. तो उत्पादक ठरवतो. कानात घालायच्या ज्या यंत्रावर ४,९९९ छापलंय आणि जे वर्षभर १,२९९ला मिळतंय, ते ४,९९९ला कुणीही, कधीही घेतलेलं नसतं. छत वीस फुटांवर बांधलं म्हणून घरातला माणूस उंच होत नाही.

आता न्यायदर्शनाच्या भाषेत बोलतो, घाबरू नका. आपण मनात एक अनुमान करत असतो. ही वस्तू स्वस्त आहे, का? तर हिच्यावर ७० टक्के सूट आहे. ‘स्वस्त असणं’ हे साध्य, ‘७० टक्के सूट असणं’ हा हेतू. धूर दिसला म्हणून आग आहे म्हणावं, तसं. धुराचं अनुमान चालतं, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, ही व्याप्ती टिकते. इथे ती टिकते का? जिथे जिथे मोठी सूट, तिथे तिथे स्वस्ताई, असं आहे का? सत्तर टक्के सूट देऊनही कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा महाग असलेली वस्तू तुम्हाला दहा मिनिटांत सापडेल. म्हणजे हेतू सव्यभिचारी झाला. पण नैयायिक आणखी एक प्रश्न विचारेल, आणि तो जास्त खोल आहे. तो विचारेल, मुळात हेतू सिद्ध आहे का? सूट आहे का? जी किंमत कधी कुणी दिलीच नाही, तिच्यातून वजा केलेल्या आकड्याला सूट कशी म्हणायची? हा असिद्ध हेत्वाभास. डोंगरावर धूर नाहीच, धुकं आहे.

हे कळूनही आपण फसतो, कारण आकडा डोळ्यांसमोर आला की मन त्याला बांधलं जातं. १९७४ साली ट्वर्स्की आणि कानमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवायचं. चक्र असं बनवलेलं, की ते १०वर तरी थांबेल किंवा ६५वर तरी. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल? चक्राचा आणि आफ्रिकेचा संबंध काय? काही नाही. पण ज्यांना १० दिसला त्यांचा मधला अंदाज २५ आला, आणि ज्यांना ६५ दिसला त्यांचा ४५. ४,९९९वर मारलेली ती आडवी रेघ हे असंच चक्र आहे. फरक एवढाच की ते फिरवणाऱ्याला ते कुठे थांबतं हे आधीच ठाऊक असतं.

यावर उपाय साधा आहे. ॲप उघडण्याआधी कागदावर माणसाचं नाव लिहा, त्याला काय द्यायचंय ते लिहा, आणि ‘या वस्तूचे मी जास्तीत जास्त इतके देईन’ हा तुमचा आकडा लिहा. म्हणजे तुमची स्वतःची एमआरपी. मग बाहेरचा आकडा तुमच्या आकड्याशी ताडून बघा, छापील आकड्याशी नाही. शक्य असेल तर तीन ठिकाणी भाव बघा: एखादं मोठं संकेतस्थळ, उत्पादकाचं स्वतःचं संकेतस्थळ, आणि मेन रोडवरचं किंवा भांडी बाजारातलं दुकान. दुकानात विचारायला पैसे पडत नाहीत, आणि तिथे ‘दोन घेतो, किती लावाल?’ असं म्हणता येतं. ते ॲपला अजून म्हणता येत नाही. घाई नसेल तर वस्तू यादीत टाकून आठवडाभर तिचा भाव लिहून ठेवा. काही संकेतस्थळं जुन्या भावांचा आलेखही दाखवतात. ‘आजच शेवटचा दिवस’ हा आज किती वेळा उगवतो, ते कळेल. मी ऑनलाइन खरेदीच्या विरोधात नाही, हेही सांगतो. सुरगाण्यातल्या मुलाला त्याला हवं ते पुस्तक आज घरपोच मिळतं, ही माझ्या पिढीला अशक्य वाटणारी गोष्ट होती.

एक उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच घेतो, कारण नाताळला आईला किंवा सासूबाईंना पैठणी द्यावी असं पुष्कळांच्या मनात येतं. येवला इथून सुमारे ८० किलोमीटर. पैठणीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मोबाईलवर ‘पैठणी’ शोधलं की १४,९९९वर रेघ आणि खाली १,४९९ असं दिसतं, नव्वद टक्के सूट. हातमागावर एक विणकर आठवडे न् आठवडे, नक्षी दाट असेल तर महिने, बसलेला असतो. त्याची मजुरी आणि रेशीम १,४९९मध्ये कसं बसेल? हे यंत्रमागावरचं, बहुतेक वेळा कृत्रिम धाग्याचं लुगडं आहे. तसं सांगून विकलं तर माझी काही तक्रार नाही. छान दिसतं, कुणाला परवडत असेल तर जरूर घ्यावं. पण ते घेऊन तुम्ही साडेतेरा हजार ‘वाचवले’ नाहीत. १,४९९ची साडी १,४९९ला घेतली. खरी घ्यायची असेल तर पदराच्या उलट बाजूचा फोटो मागवा. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच सफाईदार असते, लोंबते धागे नसतात. सिल्क मार्कचं लेबल असेल तर रेशीम शुद्ध आहे एवढं कळतं. ते हातमागावर विणलंय की नाही, हे त्यावरून कळत नाही.

आता अभिप्राय, म्हणजे ते तारे. नैयायिक शब्द हे प्रमाण मानतात, पण कुणाचाही शब्द नाही, आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का. ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे, आणि जशी माहीत आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. दोन्ही अटी लागतात. ‘प्रमाणित खरेदी’ असा शिक्का असला तर पहिली अट अर्धीमुर्धी पूर्ण होते. त्याने वस्तू घेतली, वापरली की नाही देव जाणे. दुसऱ्या अटीचं काय? डब्यातून चिठ्ठी येते, पाच तारे द्या, शंभर रुपये परत मिळवा. झाला का तो आप्त? भारतीय मानक ब्युरोने २०२२मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी एक मानकही केलं आहे, आयएस १९०००. आपण मात्र आपलं बघावं. मी तीन ताऱ्यांचे अभिप्राय आधी वाचतो. पाचवाला प्रेमात असतो, एकवाला रागात असतो, तीनवाल्याने वस्तू वापरलेली असते. आणि ‘कालच आलं, मस्त आहे’ यापेक्षा ‘चार महिने झाले, बिजागरी सैल झाली’ हे वाक्य शोधतो.

पैसे भरायच्या पानावर काय काय होतं, त्याविषयी सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ला मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि तेरा प्रकारच्या फसव्या मांडणींना मनाई केली. खोटी घाई हा त्यातला एक: ‘फक्त दोनच शिल्लक’, घड्याळ उलटं चालतंय. टोपलीत गुपचूप एखादी गोष्ट घालणं हा दुसरा: दानाचे दहा रुपये, विम्याचे एकोणतीस. किंमत थेंबाथेंबाने सांगणं, म्हणजे आधी ४९९ आणि शेवटच्या पानावर हाताळणी, प्लॅटफॉर्म, पॅकिंग वगैरे मिळून ५७८, हा तिसरा. आणि मला फार गमतीचा वाटतो तो लाजवण्याचा प्रकार. नको म्हणायचं बटण असतं, पण त्यावर ‘मी धोका पत्करतो’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे नको म्हणणारा माणूस बेजबाबदार ठरतो. आपल्याला भाजीवाल्याला ‘नको’ म्हणायला लाज वाटत नाही, आणि यंत्राला म्हणायला वाटते. आधीच खूण केलेल्या चौकटीला ग्राहकाची संमती मानता येत नाही, हे २०२०च्या ई-कॉमर्स नियमांतच आहे. तेव्हा शेवटचं पान सावकाश, चष्मा लावून वाचा.

मोफत डिलिव्हरीचं गणित तुम्हाला ठाऊकच आहे. ३८०ची वस्तू, ४९९च्या वर मोफत, म्हणून दीडशेचे मोजे. चाळीस वाचवायला दीडशे घातले. पुढे जाऊ.

‘बिनव्याजी हप्ते’ मात्र थांबून बघायला हवेत. तुम्ही बारा हजारांची वस्तू सहा हप्त्यांत घेतली, दरमहा दोन हजार. व्याज कुठे आहे? आहे. बँक वर्षाला समजा १५ टक्क्यांनी व्याज लावते; ते साधारण ५०८ रुपये होतं. विक्रेता तेवढी रक्कम आधीच किमतीतून कमी करतो, म्हणून बेरीज बारा हजारच दिसते. पण बँकेच्या हिशेबी ते व्याजच आहे, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९१ रुपये, तुम्ही भरता. प्रक्रिया शुल्क समजा १९९, त्यावरही कर, झाले २३५. बारा हजारांचे १२,३२६ झाले. रक्कम मोठी नाही, मान्य. पण विचार करा, ज्याने रोख दिले त्याला ते ५०८ रुपये कमी करून मिळाले असते का? कधी कधी मिळतात, विचारलं तर. मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. नाताळ संपतो, तारा उतरवून माळ्यावर जातो, आणि जूनमध्ये शाळेची फी भरताना डिसेंबरच्या खेळण्याचा शेवटचा हप्ता चालू असतो.

आता भेटवस्तूंपुरतीच एक गोष्ट, जी इतर खरेदीला लागू नाही. स्वतःसाठी बूट घेतले तर आले त्या दिवशी घालून बघतो. भेट मात्र २५ तारखेपर्यंत बांधून ठेवतो. परत करायची मुदत बहुधा सात किंवा दहा दिवस, आणि ती वस्तू घरी आल्यापासून मोजतात. नोव्हेंबरच्या सेलमध्ये दोनशे रुपये वाचवून घेतलेला शर्ट नाताळच्या सकाळी आखूड निघाला, तर तो कुणाचाच राहत नाही. म्हणून ज्याला माप आहे ते सणाच्या जवळ घ्यावं, दोनशे जास्त गेले तरी. पुस्तक, भांडं, खेळाचा पट, हे आधी स्वस्तात मिळेल तेव्हा घ्यावं. विजेवर चालणारी वस्तू आली की लगेच उघडावी, डबा उघडताना मोबाईलवर चित्रण करावं, चालवून बघावी, आणि मग रंगीत कागदात बांधावी. बिल जपून ठेवावं, कारण वॉरंटी त्या तारखेपासून मोजतात.

सगळ्यात मोठी गळती मात्र सूट, हप्ते, शुल्क यांत नाहीच. जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९३मध्ये नाताळच्या भेटींवरच एक शोधनिबंध लिहिला. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्याने विचारलं, तुम्हाला मिळालेल्या वस्तूंसाठी तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते? उत्तरांवरून त्याने हिशेब काढला, की भेटींच्या किमतीपैकी दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत मूल्य वाया जातं. म्हणजे देणाऱ्याने दिले हजार, घेणाऱ्याला ती वस्तू वाटली सातशे-नऊशेची. जवळच्या मित्राची भेट नेमकी बसते. आजी-आजोबा, काका-आत्या यांची जास्त चुकते. (हशा) हसू नका, इथे आपणच बसलोय.

हा निबंध वाचून काहीजण म्हणतात, मग पैसेच द्या. आपल्याकडे पाकिटात ५०१ घालायला कुणी कमीपणा मानत नाही, हे आपलं शहाणपण आहे. पण मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५मध्ये भेट या विषयावर जे लिहिलं, ते इथे आठवतं. भेटीत तीन बंधनं असतात, असं तो म्हणतो: देण्याचं, स्वीकारण्याचं आणि परतफेडीचं. आपल्याला हे फ्रेंच माणसाकडून शिकायला नको. घरोघरी आहेराची वही होती. कुणी किती केलं, त्यांच्याकडे कार्य निघालं की आपण किती करायचं, सगळं त्यात. म्हणजे तुम्ही महागडी वस्तू ‘स्वस्तात पडली’ म्हणून दिलीत, तरी घेणाऱ्याच्या वहीत ती महागच लिहिली जाते, आणि पुढच्या वर्षी त्याला तेवढं करावं लागतं. तुमची बचत त्याच्या डोक्यावर कर्ज होऊन बसते. ज्या भावाची नोकरी गेली आहे, त्याच्या मुलाला तीन हजारांची गाडी देताना हा विचार करावा.

यातून एक पद्धत निघते, ती पुष्कळ कुटुंबांत चालते. नऊ जणांच्या घरात प्रत्येकाने प्रत्येकाला द्यायचं म्हटलं तर ७२ भेटी होतात. नावांच्या चिठ्ठ्या काढल्या, एकाने एकालाच द्यायचं, तर नऊ. प्रत्येकी पाचशेची मर्यादा घाला. साडेचार हजारांत घर होतं, आणि प्रत्येकाला एकाच माणसाचा नीट विचार करायला वेळ मिळतो. मुलं ‘मला काय हवंय’ हे चिठ्ठीमागे लिहितात. आश्चर्य कमी होतं, पण वाया जाणं थांबतं. मला ही देवाणघेवाण पटते.

एकत्र येऊन खरेदी करणं महाराष्ट्राला नवं नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, आणि १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. एका वस्तीतल्या घरांचा संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, घाऊक आलेला माल सदस्यांनीच वाटून घ्यायचा. मोबाईल नव्हता, सूट नव्हती. मधले हात कमी झाले म्हणून भाव कमी झाला. आज एका इमारतीतल्या आठ घरांनी केकसाठीचा सुकामेवा, मेणबत्त्या, सजावटीचं सामान असं एकत्र मागवलं, तर तेच होईल. फक्त पाकिटावरचा किलोचा किंवा शंभर ग्रॅमचा भाव बघा; सुंदर खोक्यात काजू नेहमी कमी असतात.

आता जिथे सगळेच पैसे जातात, ते. सणाच्या तोंडावर हुबेहूब नकली संकेतस्थळं निघतात. ‘तुमचं पार्सल पत्ता अपुरा म्हणून अडकलंय, इथे दाबा’ असे संदेश येतात. कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक शोध-पानावर शोधू नका, ॲपमधूनच घ्या. आणि घरातल्या ज्येष्ठांना एक वाक्य पाठ करून द्या: पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. ‘रिफंड’ देतो म्हणून पिन मागितला, की तो चोर. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० लावा. जितकं लवकर, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या आहेत, वेळ थोडा आहे, दोनच घेतो. एका ताईंनी विचारलंय, २४ तारखेला येणार म्हणून सांगितलेली वस्तू २७ला आली तर काय करायचं? ताई, २०२०च्या नियमांप्रमाणे सांगितलेल्या वेळेनंतर आलेली वस्तू परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. पूर-वादळासारखी आपत्ती असेल तर वेगळं. सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नसलेली वस्तूही तशीच. ऑर्डर देताना दाखवलेल्या तारखेचं चित्र मोबाईलवर काढून ठेवा. तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. नाही झालं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बंगळूरची असली तरी, तुम्ही इथे राहता म्हणून तक्रार नाशिकलाच करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

दुसरी चिठ्ठी: ‘सर, नातवाला काय देऊ?’ वय लिहिलेलं नाही. आज घरी गेल्यावर त्यालाच विचारा, आणि ऑर्डर करायची असेल तर आधी पिनकोड टाकून पोचायची तारीख बघा. २० तारखेनंतरची दाखवत असेल तर सरळ दुकानातून आणा.